साळुंकीच्या दारातली वीट

एका गावात एक गवंडी राहत होता. त्याचा हात इतका साफ, की त्याच्या भिंतीवरून मुंगीसुद्धा घसरते, असं लोक थट्टेनं म्हणत.

एकदा त्यानं एका हौशी माणसाचं दुमजली घर बांधलं. उंचावर उभं राहायला बांधलेल्या परांचीचे वासे अडकवायला भिंतीत भोकं ठेवली होती. काम संपलं की वासा काढायचा, भोक बुजवायचं आणि खाली उतरायचं, ही त्याची रीत. असं करत तो शेवटच्या भोकापाशी आला. तिथला वासा बऱ्याच दिवसांपूर्वीच काढलेला, आणि आता आतून चिवचिवाट! साळुंकीची तीन पिल्लं होती, नुकते पंख फुटू लागलेली. भोक एवढं खोल, की हात पिल्लांपर्यंत पोचेना.

"मालक, दहा दिवस थांबा. पिल्लं उडाली की बुजवतो."

"दहा दिवस? अरे, उद्या वास्तुशांत! नव्या घराला भगदाड बघून पाहुणे काय म्हणतील? सकाळी पूजेआधी बुजव."

गवंड्यानं मनाची समजूत घातली, 'आपण हुकमाचे ताबेदार. पाप लागलं तर मालकाला लागेल.' सकाळी त्यानं वीट बसवली आणि वरून गिलावा फिरवला.

पूजेच्या वेळी त्याला मानानं पाटावर बसवलं, टोपी-उपरणं दिलं. गुरुजी मालकाला म्हणाले, "म्हणा, हे घर बांधताना ज्या जीवांचा आसरा मोडला, त्यांची मी क्षमा मागतो." मालकानं ते घडाघडा म्हणून टाकलं.

बाहेर साळुंकी चोचीत अळी धरून ओल्या गिलाव्यावर धडका देत होती. तिच्या पंखांची फडफड आत ऐकू येत होती; गवंड्याला बसवेना. उपरणं पाटावर ठेवून तो उठला, छन्नी-हातोडा घेऊन शिडीवर चढला आणि घाव घालू लागला.

मालक धावत बाहेर आला. "अरे, भरल्या पूजेत भिंत कसली फोडतोस?"

"आत्ताच क्षमा मागितलीत ना, मालक? ज्यांची मागितली, ते अजून आत आहेत."

वीट निघाली. दोन पिल्लं गार पडली होती. तिसऱ्यानं कशीबशी चोच उघडली. गवंडी बाजूला होताच साळुंकी आत शिरली.

मालकाची मान खाली गेली. "चुकलं माझं. मीच सांगितलं तुला."

"सांगितलंत तुम्ही," गवंडी डोळे पुसत म्हणाला, "पण वीट मी बसवली."

तात्पर्य: हुकूम दुसऱ्याचा असला, तरी हात आपले असतात. ते वेळेवर थांबवले, तर मागाहून क्षमा मागायची पाळी येत नाही.