टेकडीवरचा बूस्टर

"माझं सगळ्यांना ऐकू जातंय, बाबा. मग त्यांचं मला का येत नाही?"

विचारणारे डॉ. शंतनू उकिडवे. बिनतारी जाळ्यांत डॉक्टरेट, आणि ती विसरू न देणारा चेहरा. ज्याला विचारलं तो कमरूबाबा, टेकडीवरच्या तकियात, म्हणजे फकिरांच्या मठीत, राहणारा फकीर. निखाऱ्यावर वांगं भाजत बसलेला.

बाबांनी वांगं उलटवलं.

"कुणाचं?"

"या डब्यांचं हो! पायथ्याचा तिसरा पाडा सोडला, तर एकाचंही नाही."

खाली दरीत सात पाडे, एकापुढे एक. मोबाइलचा टॉवर नाही, तार नाही. उकिडव्यांनी प्रत्येक पाड्यावर एक डबा बसवला होता. डब्याने दर दोन सेकंदांनी 'मी आहे' म्हणायचं. ज्याचं सर्वांत खणखणीत ऐकू येईल त्याला शेजारी मानायचं, आणि निरोप त्याच्या हाती द्यायचा. वाट कुणी आखून द्यायची नाही, डब्यांनीच शोधायची.

आठवा डबा टेकडीवर, तकियाच्या भिंतीला. त्याला उकिडव्यांनी स्वतःच्या हाताने केलेला बूस्टर. आवाज वीसपट.

चार वाजता तालुक्याची समिती येणार होती. सातव्या पाड्याचा निरोप पहिल्या पाड्यावरच्या दवाखान्यात पोचला, तर डबे राहणार. नाहीतर आजच उतरवणार. आत्ता अडीच झाले होते.

"तपासलंस?"

"दोनदा! प्रत्येक पाड्यावर जाऊन. शेवटच्या झोपडीतसुद्धा टेकडी खणखणीत ऐकू येते."

"आणि झोपडी? टेकडीला?"

"ती येणारच ना. माझं त्यांना जातं, म्हणजे..."

वाक्य तिथेच थांबलं, कारण दगडांच्या पायऱ्या चढून मथुराबाई आली. सातव्या पाड्यावरची आशाताई. घामाघूम.

"पाठवलात ना निरोप?" उकिडवे उठलेच.

"सकाळी पाठवला. दवाखान्यातून काही उत्तर येईना. म्हणलं आपणच नेऊन द्यावा." तिने पदराची गाठ सोडून चिठ्ठी काढली. "घ्या. 'चाचणी. सर्व ठीक आहे.'"

बाबा खो खो हसले. मथुराबाई हसली नाही.

"हसू नका, बाबा. सुनेला नववा लागलाय. गेल्या साली सहाव्या पाड्यावरच्या गोमाजीच्या लेकीला झोळीत घालून नेली, ती वाटेतच... हे डबे गेले तर मी कुणाला हाक मारू?"

बाबांचं हसू विझलं. वांगं निखाऱ्यावर तसंच राहिलं.

"बाई, माझी पहाटेची हाक येते का तुझ्या पाड्यावर?"

आता या हाकेबद्दल सांगायला हवं. ती अशी, की खालच्या पाड्यांवर दुधाला साय धरायची थांबते. बाकीचं कुणी खोटं म्हणेल, पण दावं तोडून पळालेली म्हैस मी स्वतः पाहिली आहे.

"येते की," मथुराबाई म्हणाली. "अगदी दाराशी उभं राहून मारल्यासारखी."

"मग तू काय करतेस?"

"ओ देते."

"रोज?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. सासू म्हणायची, फकिराची हाक रिकामी जाऊ देऊ नये. सगळे पाडे देतात."

बाबा तिच्याकडे वळले.

"तीस वर्षांत," ते हळू म्हणाले, "मला एकही ओ ऐकू आली नाही."

वांगं करपल्याचा वास आला.

"आणि तुला मला काही सांगायचं असलं तर?" बाबांनी विचारलं.

"तर ओरडून काय उपयोग? गोमाजीला सांगते. तो पुढच्या पाड्याला सांगतो."

"अहो, डब्यांनी हेच करायला हवं!" उकिडव्यांनी लॅपटॉप ओढला. एकेका डब्यानं कोणती वाट धरली होती ते पडद्यावर मांडलेलं. सातही ओळींत पुढचा शेजारी एकच होता.

टेकडी.

"शेजारचा गोमाजी सोडून सगळे निरोप मलाच देतायत. आणि मला त्यांचं ऐकूच येत नाही..." उकिडव्यांनी पडद्यावर बोट टेकवलं.

बाबा उठले. भिंतीशी गेले. बूस्टरची पिन उपटली.

"बाबा! सगळ्यात चांगला भाग आहे तो!"

"हो."

"टेकडी मुकी होईल!"

"होऊ दे."

एक मिनिट गेलं. दोन गेली. सातपैकी सहा ओळींतून टेकडी पुसली गेली, राहिली फक्त पायथ्याच्या तिसऱ्या पाड्यापाशी, तीही दुसऱ्या पाड्याच्या मागे. मग सकाळपासून अडकलेला निरोप हलला. सहावा. पाचवा. चौथा... तिसरा. दुसरा. पहिला.

दवाखान्यातल्या नर्सबाईंचं उत्तर त्याच वाटेनं परत निघालं. तिसऱ्या पाड्यावरून टेकडीलाही ऐकू आलं:

'मिळाला. सगळं ठीक आहे तर कळवलं कशाला?'

मथुराबाई पहिल्यांदा हसली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "साहेब, आणखी एक पाठवा. म्हणावं, सातव्या पाड्याची बाई अडलेली नाही अजून. पण पुढच्या आठवड्यात जागे राहा."

तोही पोचला.

चार वाजता पायथ्याशी समितीची जीप थांबली. उकिडवे ताठ झाले, शर्ट खोचला, लॅपटॉप काखेत मारला.

"त्यांना वरच बोलावतो, बाबा. इथून सातही पाडे एका नजरेत दिसतात."

"दिसतात," कमरूबाबा म्हणाले. "म्हणून तर मी कधी खाली गेलो नाही, आणि एकही ओ ऐकली नाही."