उभ्या गाडीचे अकरा तास

"मूर्ख मी आहेच, आबा. पण इतकी असेन का?"

दौलतआबांची केरसुणी चालूच राहिली. ते समाधीपुढचा ओटा झाडत होते.

शर्मिष्ठा घाटमाथ्यावर पोचली तेव्हा दुपार कलली होती. स्वतःच बनवलेल्या, वाट सांगणाऱ्या यंत्राचं ऐकून ती वाटेत दोनदा चुकली. शेवटी म्हशी घेऊन निघालेल्या एका बाईनं तिला इथवर आणून सोडलं. जाताना म्हणाली, "गाडीत ते कोण बोलतंय? त्याला कळत नसंल तर गप बसव की."

आबांनी अडतीस वर्षं या घाटातून दुधाची गाडी चालवली होती. आता ते समाधीची झाडलोट करत. पण घाट उतरणारे ड्रायव्हर अजूनही त्यांच्या पाया पडूनच पुढे जात.

दोन वर्षांपूर्वी शर्मिष्ठाही पाया पडली होती. "मला शिकवा," म्हणाली होती. आबांना वाटलं, बाईला गाडी शिकायचीय.

तिला यंत्राला शिकवायचं होतं. या दरीत उपग्रहाचा सिग्नल पोचत नाही, फोनमधला नकाशा आंधळा होतो. अशा ठिकाणी चाकांचे फेरे, वळणं आणि खड्ड्यांचे धक्के यांवरून गाडी कुठं आहे ते ओळखायचं, आणि वाट सांगायची. चार महिने ती मांडीवर लॅपटॉप घेऊन आबांच्या दुधाच्या गाडीत त्यांच्या शेजारी बसली. कृत्रिम बुद्धिमत्ता आबांच्या हाताखाली तयार झाली. शर्मिष्ठाला पुरस्कार मिळाला. आबांना शाल मिळाली.

गेल्या महिन्यात तेच यंत्र लावून एक रुग्णवाहिका घाट उतरत होती. आत अंगणवाडीत काम करणारी शेवंता, साप चावलेली. फाट्यावर दाट धुकं. यंत्र म्हणालं, डावीकडे वळा. डावीकडे बंद पडलेली खाण. तिथून गाडी वळवून परत यायला पाऊण तास गेला.

शेवंता वाटेतच गेली.

आज शर्मिष्ठाच्या पर्समध्ये कंपनीनं दिलेला एक कागद होता. चूक रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरची, भागवतची, असं त्यावर छापलेलं. खाली शर्मिष्ठाचं नाव, आणि सहीपुरती रिकामी जागा. उद्या सकाळी तो कागद सही करून परत द्यायचा होता.

"त्यानं थोडं डोकं वापरायला हवं होतं ना, आबा? त्या भागवतनं. माणूस आहे तो, यंत्र नाही."

"तुझं यंत्र कसं बोललं त्याच्याशी?"

"कसं म्हणजे… नेहमीसारखं."

"चाचरलं का जरा?"

"नाही. ते चाचरत नाही." हे सांगताना तिला जरा अभिमान वाटला. मग त्या अभिमानाचीच लाज वाटली.

आबांनी केरसुणी भिंतीला टेकवली. "चल. फाट्यावर जाऊन येऊ."

गाडी तिनं चालवली. दरीतून धुकं वर चढत होतं. फाटा आला तेव्हा बॉनेटच्या पुढचं काही दिसेना.

"थांबव," आबा म्हणाले. "इथं मी काय करायचो?"

"उजवीकडे वळायचात."

"त्याच्या आधी?"

ती आठवत राहिली…

"थांबायचात. खाली उतरायचात."

"कशाला?"

"खरं सांगू? मला वाटायचं, लघवीला जाताय."

"दर खेपेला?"

"म्हटलं, वय झालंय."

आबा हसले नाहीत. "डावीकडं खाणीची खडी सांडलेली असती. पायाखाली करकरती. गाडीत बसून न्हाई कळत."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं न्हाईस."

शर्मिष्ठानं स्टिअरिंगवरचे हात काढले.

"ते तुकडे मी काढून टाकले, आबा."

"कसले?"

"गाडी उभी असतानाच्या नोंदी. चार महिन्यांचे मिळून अकरा तास निघाले. म्हटलं, गाडी हलतच नाही, तर यंत्र त्यातून शिकणार काय? कचरा म्हणून…"



यंत्रानं आबांना थांबलेलं कधी पाहिलंच नव्हतं.



"भागवत आला होता मागल्या आठवड्यात," आबा म्हणाले. "दोन मुली हायत त्याला. पाया पडला न्हाई. नुसता बसून ऱ्हायला, मग गेला."

"मी सही नाही केली तर दुसरं कुणीतरी करेल, आबा. माझी नोकरी जाईल, आणि त्याचीही जायची ती जाईलच. शेवंता काही…"

"व्हय. तसंच व्हईल."

ते नाही म्हणतील अशी तिची आशा होती.

आबा दार उघडून उतरले. दार तसंच उघडं ठेवून चार पावलं पुढे गेले, वाकले, रस्त्याला हात लावला. आणखी दोन पावलांवर त्यांची टोपीसुद्धा दिसेनाशी झाली.

"डावीकडे वळा," यंत्र म्हणालं.

तिनं ते बंद केलं. कागद काढून मांडीवर ठेवला. पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. उघड्या दारातून धुकं आत येत होतं. कागद ओलसर झाला.

"आबा," तिनं हाक मारली. "मला पुढचं काहीच दिसत नाहीये."

"मग आत बसून काय करतीस?"