खालच्या टप्प्यांचा म्होरक्या

त्या डोंगराला टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यावर मेंढ्यांचा एक कळप राहत होता. माथ्यावर गवत गुडघाभर वाढे. जसजसं खाली यावं तसतसं ते विरळ होई, आणि तळाशी नुसती कुसळं आणि दगड उरत. कोणी कुठे चरायचं ते खेळावर ठरे. हंगामभर लहानमोठे खेळ चालत, आणि अखेरीला शेजारच्या दोन टप्प्यांचे कळप सपाटीवर समोरासमोर येत. मध्ये एक वाळकं कवठ ठेवलं जाई. ते शिंगांनी ढकलत समोरच्यांच्या रेषेपार नेणारा कळप वरच्या टप्प्यावर राही, हरलेला खालच्या.

माथ्यावरच्या कळपाचे म्होरके माथ्यावरच जन्मत. खालच्यांना मात्र म्होरक्या बाहेरून आणावा लागे, आणि तशी वेळ आली की सगळ्यांना भुरका आठवे.

भुरका म्हणजे रुंद कपाळाचा, राखी लोकरीचा एडका. माथ्यावर तो कधीच राहिला नव्हता. एखादा कळप घसरणीला लागला की त्याला बोलावणं जाई. तो येई, सगळ्यांचं चरणं नुसतं पाहत राही, आणि मग म्हणे, "कवठाकडे सगळेच बघताय. मोकळी जागा कुठं आहे, ते कोण बघणार?" एवढ्यावर कळप सावरे, कधी एखादा टप्पा वरही चढे. मग एक हंगाम वाईट जाई, आणि ज्या मेंढ्यांनी त्याच्या वाटेवर कोवळा पाला पसरला होता त्याच त्याच्याकडे पाठ करून चरू लागत. भुरका काय ते समजे आणि निरोप घेऊन चालू लागे. मनात अढी धरणं त्याला परवडणारं नव्हतं. त्याच कळपाचं पुन्हा बोलावणं यायचं, आणि आलंही होतं.

पुढे त्याची शिंगं झिजली. तेव्हा निवडुंगाच्या टप्प्यावरच्या कळपाने त्याला कारभारी म्हणून ठेवून घेतलं. आता मैदानात उतरायचं नाही, म्होरक्या तेवढा निवडायचा. भुरक्याने काजळ्या नावाचा तरणा एडका निवडला. काजळ्या बोलायचा कमी, पण पळताना कोण कुठे दमतं ते त्याला अचूक दिसे.

तरीही काजळ्या हरला, आणि हरतच गेला. खालच्या टप्प्याशी अखेरचा खेळ तोंडावर आला तेव्हा कळपाची जाणती मेंढी बांडी भुरक्याकडे आली.

"भुरकोबा, त्याला आजच वाटेला लावा," ती म्हणाली. "उद्या तुम्हीच उभे राहा. पोरं तुमचं ऐकतात."

भुरक्याच्या कपाळात जुनी ठणक जागी झाली. ते त्याला हवं होतं, अगदी मनापासून. तो काजळ्याकडे गेला. काजळ्या टप्प्याच्या कडेला, उतरणीच्या तोंडाशीच उभा होता.

"निघू का?" काजळ्याने विचारलं.

"मला इतक्या कळपांनी घालवलंय," भुरका म्हणाला, "की दुसऱ्याला घालवायला आता जीभ उचलत नाही. तू कुठं जात नाहीस. उद्या मी खेळतो, तुझ्या हुकमाखाली. उभं करशील तिथं उभा राहतो."

दुसऱ्या दिवशी भुरका रांगेत येऊन उभा राहिला तशी कळपाची मान ताठ झाली. काजळ्याने रांगेवरून एकदा नजर फिरवली आणि तो भुरक्यापाशी थांबला.

"भुरकोबा, तुम्ही बाहेर बसा."

बांडीचं रवंथ जागच्या जागी थांबलं.

"तुम्ही असलात की सगळे तुमच्याकडे बघतात," काजळ्या शांतपणे म्हणाला. "आणि डाव्या अंगाला मला पळणारे पाय हवेत."

"बरं," भुरका म्हणाला आणि उतारावर बांडीच्या शेजारी जाऊन बसला. थोड्या वेळाने बांडीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात पुटपुटला, "निवडलाय बरोबर."

खेळ लांबला. खालच्या कळपाने सगळा जोर मध्ये लावला. काजळ्याचे मधले मेंढे मागे रेटले गेले, पण मोडले नाहीत. आणि कवठ डावीकडे निसटलं तेव्हा तिथे एक सडपातळ मेंढी आधीच धावत होती. तिने ते रेषेपार नेलं. निवडुंगाचा टप्पा त्यांच्याकडेच राहिला.

कोवळा पाला घेऊन सगळे काजळ्याकडे धावले. समोर हरलेल्या कळपाचा तरणा म्होरक्या एकटाच उभा होता. त्याच्या मेंढ्या पाठ करून चरू लागल्या होत्या. भुरका उठला आणि त्याच्याकडे गेला.

"कातळाच्या टप्प्यावर म्होरक्याची जागा रिकामी झाली आहे," तो म्हणाला. "चल, वळणापर्यंत येतो."

दोघे उतरू लागले. अरुंद वाटेवर खालून एक एडका वर येत होता, अंगावर धूळ, मान मात्र ताठ.

"कुठून?" भुरक्याने विचारलं.

"कातळावरून. काल काढलं. वर बाभळीच्या टप्प्यावर बोलावलंय."

"हा तिकडेच निघालाय."

वर येणाऱ्याने तरण्याला खालून वर न्याहाळलं. "गवत बेताचं आहे," तो म्हणाला, "पण मेंढ्या चांगल्या आहेत. त्यांना जरा वेळ दे."

मग तो दरीच्या बाजूला सरकला आणि तरण्याला जायला डोंगराकडची बाजू मोकळी करून दिली.