तुरीचा नदीतला पहिला महिना

फार पूर्वी एका तळ्यात तुरी नावाचं बदकाचं पिल्लू होतं. तळ्यातल्या शाळेत पोहण्यात ती नेहमी पहिली यायची. आठवीला मात्र ती नदीतल्या मोठ्या शाळेत गेली, आणि पहिल्याच चाचणीत प्रवाहाबरोबर वाहत जाऊन शेवटची आली.

"मला पोहताच येत नाही. मी तळ्यात परत जाते," ती रडत म्हणाली.

पाणमांजरबाईंनी विचारलं, "वाहत्या पाण्यात पोहायला तुला कुणी शिकवलंय?"

"नाही."

"मग आधी पाण्यात एका जागी टिकायला शीक."

तुरी रोज धडपडली, रोज वाहून गेली. महिन्याभराने मात्र ती ऐटीत घरी आली.

"आई, आज मी तासभर पोहले आणि जागची हललेसुद्धा नाही."