वरच्या गावाचा पांढरा पंचा

फार पूर्वी, डोंगरांच्या कुशीत एकाच ओढ्याच्या काठाने वसलेली चार गावं होती. सगळ्यात वरच्या गावाजवळ चुनखडीचा डोंगर होता. राजाने किल्ला बांधायला काढला, तशा त्या गावात चुनखडी भाजायच्या भट्ट्या उभ्या राहिल्या. चारही गावांतल्या माणसांना काम मिळालं. घरोघर दोन वेळची भाकरी आली. धुराकडे कोण बघणार?

त्या चार गावांत मिळून एकच सुईण होती. तिचं नाव गोजरा. बोलावणं येईल त्या गावाला ती चालत जायची, त्यामुळे कुठल्या घरात कोण आजारी आहे हे तिला ठाऊक असायचं.

दोन-तीन वर्षांत तिला काही वेगळंच दिसू लागलं. तान्ह्या पोरांची छाती घरघरत होती. म्हातारी माणसं ओढ्यावरून घरी येताना वाटेत बसून धाप टाकत होती. पौषात थंडी पडून वारा थांबला की हे दुखणं वाढायचं, होळीनंतर वारं सुटलं की कमी व्हायचं. एक गाव म्हणे विहिरीचं पाणी बिघडलं, दुसरं म्हणे देवी कोपली, तिसरं पोरांची दृष्ट काढत बसलं. चारही गावं फिरणारी गोजरा एकटी. दुखणं एकच आहे, हे तिला एकटीलाच कळलं.

हवेत काय मिसळलंय ते बघायला तिने एकाच ताग्यातून चार पांढरे पंचे फाडले आणि प्रत्येक गावाच्या देवळावर एकेक टांगला. महिन्याने ते उतरवून वरच्या गावाच्या चावडीत पसरले. चारही पंचे काजळले होते. वरच्या गावाचा तर तव्यासारखा काळा झाला होता.

भट्ट्यांच्या मालकाने तो पंचा हातात घेऊन पाहिला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "गोजरामावशी, मी करू काय? किल्ल्याला चुना पुरवायचा राजाला शब्द दिलाय."

"पौष आणि माघ, एवढे दोन महिने भट्ट्या थंड ठेवा," गोजरा म्हणाली. "वारा नसतो तेव्हा धूर खोऱ्यातच बसून राहतो."

"आणि दोन महिने माझी माणसं खातील काय?"

मग मालकानेच एक तोड काढली. त्याने भट्ट्यांची धुराडी तीन पुरुष उंच केली.

पुढच्या पौषात गोजराने पुन्हा पंचे टांगले. या वेळी वरच्या गावाचा पंचा जवळजवळ पांढरा निघाला. मालकाने तो चावडीत उंच धरला. "बघा, हवा सुधारली!"

लोक खूश झाले. कुणी म्हणालं, "मावशी, आता आमच्यात कोणी खोकत नाही. मिटला विषय."

गोजराने उरलेले तीन पंचे पसरले. ते मागच्या वर्षीपेक्षा काळे होते. ती हळू आवाजात म्हणाली, "सगळ्यात खालच्या गावात या महिन्यात माझ्या हातांवर पाच लेकरं जन्मली. त्यातली तीन याच हातांनी मातीत ठेवली."

तेवढ्यात भट्टीवर जाळ घालणारा रावबा उभा राहिला. "मालक, धूर संपला कुठं? आपण तो उचलून दुसऱ्याच्या दारात टाकला."

त्याच्या बायकोने त्याला खाली ओढलं. "गप बसा. आपली चूल कशावर पेटते, विसरलात का?"

"नाही विसरलो. पण मी घातलेला जाळ कुणाच्या छातीत जातो हे आता मला कळलंय. वारं सुटेपर्यंत तरी माझ्याच्यानं लाकूड उचलवणार नाही."

दुसऱ्या दिवशी रावबा कामावर गेला नाही. मागोमाग तिघं थांबले, आठवड्यात सगळेच. मालक संतापला. "बाहेरून माणसं आणीन," म्हणाला. वरच्या गावात पीठ पुरवून पुरवून खाणं सुरू झालं. रावबाच्या घरी दोन दिवस नुसती कण्यांची पेज होती. बायको त्याच्याशी बोलत नव्हती.

मग एका सकाळी खालच्या गावांतली माणसं डोक्यावर ज्वारीची पोती घेऊन चढ चढून आली. सगळ्यात खालच्या गावाचा म्हातारा पाटीलही आला होता. तो मालकाच्या ओट्यावर टेकला, पण त्याला बोलताच येईना. मालकाने पाणी दिलं. ते गिळण्यापुरताही श्वास म्हाताऱ्याजवळ नव्हता. मालक तांब्या धरून तसाच उभा राहिला.

बऱ्याच वेळाने पाटील म्हणाला, "तुमच्या भट्ट्यांनी आम्हालाही पोसलंय. त्या मोडा म्हणायला आलो नाही. थंडीचे दोन महिने तुमच्या माणसांना आम्ही पोसू. तेवढं आम्हाला जगू द्या."

मालकाने मान खाली घातली. त्याच दिवशी तो राजाकडे गेला आणि किल्ल्याला उशीर होईल असं तोंडावर सांगून आला. राजा चिडला, पण चुना द्यायला दुसरं कोणी नव्हतं. किल्ला पुरा व्हायला एक वर्ष जास्त लागलं.

पुढच्या पौषात भट्ट्या थंड होत्या. सगळ्यात खालच्या गावात एक बाई बाळंत झाली. मागच्या थंडीत तिचं लेकरू गेलं होतं. या वेळचं पोर मोठ्याने रडलं. गोजराने त्याच्या छातीला कान लावला.

"मावशी, काय ऐकू येतंय?" आईने घाबरत विचारलं.

गोजराने खूप वेळ ऐकलं. मग म्हणाली, "काही घरघर नाही. छाती साफ आहे."

पोराला कुशीत घेऊन ती बाई आधीच्या लेकरासाठी रडू लागली. गोजरा तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

तात्पर्य: आपल्या दारातला धूर उंच उडवला म्हणून तो नाहीसा होत नाही, तो जिथे उतरतो तिथल्या माणसांची काळजी वाहिली, तरच हवा खरी सुधारते.