चमचाभर इपॉक्सी

फायबरच्या होड्या कोकणात नवलाईच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. भिकाजी तांडेलाच्या होडीच्या डेकमध्ये, फायबरच्या दोन थरांच्या मधे, बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाची फळी बसवलेली होती. आपण कापसासारख्या हलक्या, याचा तिला भारी तोरा.

एकदा तांडेलाने बोल्टसाठी डेकला भोक पाडलं. डब्यातली इपॉक्सी, म्हणजे लाकडात मुरून घट्ट होणारी चिकट राळ, म्हणाली, "ताई, भोकाच्या कडेने मला चमचाभर पिऊन घे. मग पाणी आत शिरणार नाही."

"नको गं बाई, जड होईन मी!"

तांडेलालाही घाईच होती. त्याने बोल्ट तसाच आवळला.

दोन पावसाळ्यांनंतर होडी किनाऱ्यावर ओढायला चाराऐवजी दहा माणसं लागली. तांडेलाने डेक कापला आणि कुजलेली फळी मुठीत पिळली. खारं पाणी ठिबकतच राहिलं.

"तुला इपॉक्सी पाजायची कशी राहिली?" तो हळहळला.

"मीच नको म्हटलं," फळी पुटपुटली, "जड झाले असते."