आवडाईची पांढरी लाही

फार वर्षं झाली. खारवडीच्या खाडीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. घाटावरून लोहाराची एक गाडी उतरली आणि बंदराजवळ थांबली. गाडीत केरबा लोहार आणि त्याची बायको आवडा. आवडाचा सगळा जन्म गाडीत गेलेला. खारवडीत तिनं पहिल्यांदा जमिनीत काही लावलं, शेवग्याची एक फांदी. तिला शेंग येईपर्यंत इथून हलायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं धरलं.

पण खारवडीची हवाच खारी. रात्री घासून ठेवलेली सुरी सकाळी तांबडी. केरबानं पात्यांना जवसाचं तेल फासलं आणि भट्टीत धरलं. पात्यावर काळं कातडं बसलं, गंज थांबला, आणि केरबा मिशीला पीळ देत हिंडायला लागला.

आठ दिवसांत चांगी कोळीण दारात उभी.

"आवडे, तुझ्या दादल्यानं सुरी दिली का उलथनं? घोळ माशाच्या काट्यावर मुडपली बघ. पुनवेपर्यंत धड सुरी दे, नाहीतर बैल जुंपा. पलीकडच्या गावचा लोहार आणू आम्ही."

ती गेल्यावर केरबा म्हणाला, "लोखंडच खोटं होतं."

"लोखंड नाही, तुमची भट्टी खोटी. पाणी देऊन पातं कडक केलं तुम्हीच, आणि तेल भाजताना ते पाणी उतरवलंत तुम्हीच. तेलाला ऊब पुरे, जाळ कशाला?"

"किती ऊब? सांग की."

ते तिलाही ठाऊक नव्हतं. ती बाजारात गेली आणि भडभुंज्याच्या म्हातारीशेजारी बसली. तापल्या वाळूत साळ पडली की लाही पांढरी फुलायची. वाळू जास्त तापली की लाही तांबडी. आवडानं दिवसभर तेवढंच बघितलं.

घरी तिनं कढईत वाळू तापवली. तेलाचा अगदी पातळ हात दिलेलं पातं वाळूत पुरलं. पहिल्या दिवशी लाही करपली, पातं मऊ झालं. दुसऱ्या दिवशी लाही फुललीच नाही, तेल बोटाला चिकटलं. मग ती घडीघडीला चार दाणे टाकून बघायची. तांबडं दिसलं की निखारा ओढायची, फुललं नाही की आत सारायची. असं म्हणतात, पुनवेपर्यंत ती चुलीपुढून उठली नाही.

पुनवेला चांगीनं घोळीचं डोकं आणलं आणि नव्या काळ्या सुरीनं फोडलं. धार जशीच्या तशी. चांगीनं पातं उलटून पालटून पाहिलं.

"बैल विकून टाका," ती म्हणाली.

असं म्हणतात, आवडाईची एक सुरी होडीतून समुद्रात पडली. बारा वर्षांनी ती एका माशाच्या पोटात सापडली, आणि त्याच सुरीनं पुढं तो मासा कापला.

अजून खारवडीत खंडेनवमीला सुऱ्यांवर मूठभर लाह्या वाहतात, एकेक निवडून, पांढऱ्या. आणि गावात बाहेरचं कुणी राहायला आलं की बायका आवडाईच्या शेवग्याची फांदी त्याच्या हातात ठेवतात. लाव म्हणतात. शेंग येईपर्यंत तुला कुणी ऊठ म्हणणार नाही.